दफ्तरात आपलं नाव

(स्थानिक इतिहासाचं मंडळ काढायचं असं परतवाडा-अचलपूरच्या काही जणींनी ठरवलं. त्या निमित्तानं परतवाड्याला स्त्रियांच्या गटांची एक बैठक झाली. त्या बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला बोलवायला तुमच्यापैकी दोघीजणी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही इतिहासाचं मंडळ काढतो आहोत, पण आम्हाला इतिहासातलं काही कळत नाही. तुम्ही येऊन सांगा." मी त्यांना म्हटलं, सनावळ्या मलाही कधी पाठ झाल्या नाहीत. पण या विषयाशी माझं एक जुनं भांडण आहे, ते सांगायला मात्र येईन.

ते भांडण असं. काही वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या चुलतभावानं आमच्या घराण्याची वंशावळ छापून आणली. छान चौकट केलेली. नऊ पिढ्या. वर मूळपुरुष, खाली फांद्या. सगळे कौतुकानं आपापलं नाव शोधत होते. मीही शोधलं. माझं नाव नव्हतं. माझ्या आईचं नव्हतं, आजीचं नव्हतं. नऊ पिढ्या पुरुषांच्या पोटी पुरुषच जन्माला आले होते. मी भावाला म्हटलं, "अरे, आपल्या घरात बायांशिवायच लेकरं झाली का रे?" तो हसला आणि म्हणाला, "तायडे, नावं आणू कुठून? कुणाला माहीतच नाहीत."

मैत्रिणींनो, त्याचं म्हणणं खरं होतं. आमच्या पणजीचं नाव घरात विचारलं तर तिघांनी तीन नावं सांगितली. एक माहेरचं, एक लग्नात बदललेलं आणि तिसरं म्हणजे अमक्याची माय. आत्ता इथं आपण साठ-सत्तर जणी बसलो आहोत. आपल्या आईच्या आजीचं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा पाहू.

चार हात. म्हणजे गोष्ट फार जुन्या काळाची नाही. तीन पिढ्यांत आपण पुसल्या जातो. तुमच्या मंडळाचं काम नेमकं इथून सुरू होतं असं मला वाटतं.

आता इतिहासाचं मंडळ म्हणजे काय, ते काय काम करतं, हे आधी पाहू. ही परंपरा आपल्याकडे चांगली शंभर वर्षांची आहे आणि तिच्यातून आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पुण्याला ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. राजवाड्यांनी त्याच्या आधीच गावोगाव फिरून जुने कागद गोळा करायला सुरुवात केली होती. वाईला एका घरात मिळालेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे त्याचे बावीस खंड झाले. त्या काळी जुने कागद कुठे जायचे? बंबात जळायचे, वाण्याच्या पुड्यांत जायचे, माळ्यावर उंदीर-वाळवी खायची. ते हाती लागावेत म्हणून हा माणूस वणवण फिरला.

मंडळाची कामाची पद्धत साधी होती. ठरलेल्या दिवशी पाक्षिक सभा भरवायची. सभासदानं आपल्याला काय सापडलं त्याचं छोटंसं टिपण वाचायचं. एखादी सनद, एखादं नाणं, देवळाच्या दारावरचा लेख, एखादं पत्र. बाकीच्यांनी त्यावर शंका काढायच्या. टिकलं तर छापायचं. वर्षाच्या शेवटी इतिवृत्त काढायचं. मूळ कागद नीट बांधून, नंबर घालून ठेवायचा. बस्, एवढंच. मोठी व्याख्यानं, हारतुरे यांच्यापेक्षा या टिपण वाचायच्या सवयीवर मंडळ उभं राहिलं. पुढे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ झालं, नागपूरला विदर्भ संशोधन मंडळ झालं.

आपलं वऱ्हाडही यात मागं नव्हतं. यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला. यवतमाळला यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमात जुन्या पोथ्या जमवल्या, महानुभावांच्या वाङ्मयाचा शोध घेतला. ही माणसं पदरचा पैसा आणि वेळ घालून काम करत होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तो आदर ठेवूनच पुढचं बोलते.

ही सगळी मंडळं सुरुवातीला पुरुषांची होती, तीही बहुतेक वरच्या जातींतल्या शिकलेल्या पुरुषांची. त्यांनी शोधले ते कागद कुणाकडे होते? सरदारांकडे, देशमुख-देशपांड्यांकडे, पुजाऱ्यांकडे. ज्याच्या नावावर जमीन, ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या घरी दफ्तर. जिच्या नावावर जमीन नाही, जिला अक्षर येत नाही, तिचं दफ्तर कुठून असणार? कुणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. शोध घ्यायची जागाच अशी ठरली की तिथं बाई सापडणं कठीण होतं.

आणि तरीही अधूनमधून ती सापडते. सापडते तेव्हा काय दिसतं, हे आपल्याच भागातल्या तीन उदाहरणांनी सांगते.

पहिलं उदाहरण रिद्धपूरचं. रिद्धपूरला एक ताम्रपट मिळाला. तो वाकाटक घराण्यातली राणी प्रभावतीगुप्ता हिचा. ती गुप्तांच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला. मुलं लहान होती, तेव्हा तिनं स्वतः राज्यकारभार पाहिला. ही सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आता गंमत पाहा. तिच्या ताम्रपटांत ती आपली वंशावळ सांगते ती सासरची नाही, माहेरची. गुप्त राजांची नावं आधी येतात. गोत्र सांगते तेही बापाचं, धारण गोत्र. आणि आपल्या आईचं नाव सांगते, कुबेरनागा, नागकुळातली. म्हणजे लग्न झालं की बाईचं कूळ-गोत्र सगळं बदलतं, हे अनादिकाळापासून चालत आलंय असं जे आपल्याला सांगितलं जातं, त्याला हा तांब्याचा पत्रा साक्ष देत नाही. तुमच्या अचलपूरजवळच्या चमक गावीही ताम्रपट मिळाला आहे. तो प्रभावतीच्या मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. एक हजार ब्राह्मणांना ते गाव दान दिल्याचा. चमकचे ताम्रपट म्हणून तो इतिहासाच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. त्यातही प्रवरसेन आपल्या आईचं नाव सांगतो.

आता २०२४ साली राज्य सरकारनं ठरवलं की मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव आलंच पाहिजे. आपण त्यासाठी वर्षानुवर्षं बोलत होतो. तेव्हा कुणी म्हणालं की ही नवी खुळं आहेत, तर त्याला रिद्धपूरचा पत्ता द्या. पण एक लक्षात ठेवू या. प्रभावती राणी होती म्हणून तिचं नाव तांब्यावर आलं. तिच्या राज्यात कपाशी वेचणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायांची नावं त्या पत्र्यावर नाहीत.

दुसरं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोरच्या डोंगरावरचं. गाविलगड. आपण सगळ्या चिखलदऱ्याला सहलीला जातो, गड पाहतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, हे सगळे अभिमानानं सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याच दिवसाची आणखी एक हकिगत इंग्रजांच्या लिखाणात आहे. गड पडणार असं दिसल्यावर घरच्या बायका शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना मारून टाकायचं ठरलं. ते काम पुरतं झालं नाही. काही मेल्या आणि बाकीच्या जखमी होऊन जिवंत सापडल्या.

पुस्तकांत याला जोहार म्हणतात, आणि तो शब्द आला की माना आदरानं खाली जातात. मला मात्र त्या जिवंत सापडलेल्या बायांचा विचार सोडवत नाही. घरच्याच माणसांनी घाव घातलेल्या त्या बाया पुढे कुठे गेल्या? त्यांना कुणी घरात घेतलं? त्यांनी कुणाला काही सांगितलं? एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. आजही घराण्याची अब्रू म्हणून मुलीचा जीव घेतात आणि आपण मोर्चे काढतो. गाविलगडच्या इतिहासात ही ओळ आपण लिहिली नाही तर दुसरं कुणी लिहील असं मला वाटत नाही.

तिसरं उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून झालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून सगळ्या बायकांना दोष देणं चाललं होतं, त्याला या बाईनं वऱ्हाडात बसून सणसणीत उत्तर दिलं. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे. ज्योतिराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. आणि मग? मग ते पुस्तक विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मधली ९३ वर्षं गेली. त्या वर्षांत आपल्या तीन-चार पिढ्या ताराबाईंचं नाव न ऐकता जगल्या आणि मेल्या. प्रत्येकीला वाटलं असेल, असं मनात येणारी मी एकटीच. पुस्तकाची एखादी प्रत कुठेतरी राहिली म्हणून ताराबाई आपल्याला भेटल्या. दुसऱ्या किती जणींची प्रतच राहिली नाही, कोण जाणे.

इथं कुणी म्हणेल, ताई, हे सगळं लिहिलेल्याचं झालं. ज्यांनी काही लिहिलंच नाही त्यांचं काय करायचं? त्याचं उत्तरही रिद्धपूरलाच आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला जमले. तिथं म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. कशा? माणसांना विचारून. ज्यानं जे पाहिलं, ऐकलं, ते त्याच्याकडे जाऊन विचारायचं, पडताळायचं आणि लिहायचं. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ, आणि तो मुळात आठवणींचा संग्रह आहे. आज विद्यापीठांत ज्याला मौखिक इतिहास म्हणतात तो सातशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात झाला. आणि त्यात बाया आहेत. महदाइसा आहे, बाइसा आहे, आउसा आहे. त्या प्रश्न विचारतात, वाद घालतात. महदाइसा तर सारखी प्रश्नच विचारते. हीच महदंबा, रिद्धपूरला धवळे रचणारी, मराठीतली पहिली कवयित्री. विटाळाविषयी स्वामींनी काय सांगितलं तेही या ग्रंथात आहे. नाकाडोळ्यांतून जसं पाणी येतं तसाच तो शरीराचा धर्म, असं त्यांचं म्हणणं. बायका समोर होत्या, विचारत होत्या, म्हणून हे बोलणं झालं आणि नोंदलं गेलं.

पुढे नागदेवाचार्यांनी आपल्या पंडित शिष्याला संस्कृतात लिहू नको असं बजावलं. त्यांनी दिलेलं कारण असं, की संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. मैत्रिणींनो, आपल्या मंडळाचं काही ब्रीद करायचं असेल तर मी हेच करीन. आपण जे लिहू ते आपल्या म्हाताऱ्या बायांना वाचून दाखवता आलं पाहिजे. आणि एक. धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना तोंडपाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा जमवलं, असं महानुभाव परंपरेत सांगतात. त्यांत हिराइसा नावाच्या बाईचं नाव मोठ्या मानानं घेतात. मराठीचं आद्य गद्य आपल्यापर्यंत आलं त्यात एका बाईच्या स्मरणशक्तीचा वाटा आहे. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथं शिकायला येणाऱ्या मुलींना हिराइसेचं नाव माहीत असावं एवढी माझी इच्छा आहे.

विचारून इतिहास लिहायची ही रीत आपल्या काळातही बायांनी पुन्हा हाती घेतली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधत फिरल्या. कुणाचा पत्ता नाही, कुणी अंथरुणाला खिळलेल्या. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या असं तेव्हाचे वृत्तान्त सांगतात. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करायला बंदी हवी, गिरणीतल्या बायांना सोयी हव्यात, असे ठराव झाले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी. आणि त्या परिषदेच्या अध्यक्षा कोण होत्या? आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आता मला सांगा, अमरावती जिल्ह्यातल्या किती शाळांत हे नाव घेतात?

पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. ज्या बायांना 'तुला काय येतं?' असं विचारलं की 'काही नाही' म्हणायच्या, त्यांच्या पोटात एवढं भांडार होतं.

हे झालं दुसऱ्यांनी केलेलं. आता तुमच्याकडे काय आहे ते पाहू.

अचलपूर म्हणजे एके काळची वऱ्हाडची राजधानी. हौज कटोरा, जुना परकोट, वेशी. या वास्तूंवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांच्या मागे लागू नका. तुम्ही विचारा कापसाचं. हा सगळा मुलूख कपाशीवर उभा राहिला. कापूस वेचला बायांनी. जिनात सरकी-रुईचा धुरळा छातीत घेतला बायांनी. अचलपूरला विदर्भ मिल होती. तिच्या भोंग्यावर किती घरांची चूल पेटायची? मुर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला गाडी आता बंद आहे. तिच्या रुळांवर, इंजिनावर हौसेनं लिहिणारे आहेत. पण त्या गाडीनं भाजीची टोपली घेऊन जाणारी बाई, माहेरी बाळंतपणाला जाणारी बाई, तिची गोष्ट कुणी लिहिली? बहिरमच्या यात्रेचे रोडगे आणि हंडी सगळ्यांना आठवते. तिथं तमाशाच्या राहुट्यांत नाचायला येणाऱ्या बाया कुठून यायच्या, त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून कोरकू बाया येतात. आपण त्यांच्याकडून मोह, चारोळी घेतो, भाव पाडून घेतो. त्यांचा इतिहास त्यांच्या भाषेत आहे आणि ती भाषा मराठीची बहीणसुद्धा नाही, वेगळ्याच कुळातली आहे. तिथं आपण शहाणपणा करून भाषांतर करायचं नाही. कोरकू मुलींनाच मंडळात घ्यायचं आणि त्या सांगतील तसं लिहायचं.

शिवाय अगदी कालपरवाचा इतिहास आहे. १९८९ साली अमरावतीला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्यानं थोडी जमीन बायकोच्या नावावर करून द्यायची, असा. तुमच्या आसपासच्या गावांतून बाया त्या अधिवेशनाला गेल्या असतील. त्यांपैकी किती जणींच्या नावावर सातबारा झाला? झाला तर तो राहिला का? पुढे कर्ज काढताना, आत्महत्या झालेल्या घरात, दिरानं वाटणी मागितल्यावर त्या कागदाचं काय झालं? हा इतिहास पण आहे आणि आजचा लढा पण आहे. त्या बाया आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. घाई करायला हवी, ती यासाठी.

आता कसं विचारायचं, त्याबद्दल माझाच फजितीचा अनुभव सांगते. मी पहिल्यांदा वही-पेन घेऊन एका आजींकडे गेले. विचारलं, "आजी, तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या घटना सांगा." त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मले काय इच्यारतं वो बाई? घरच्या माणसायले इच्यार, त्यायले ठाव असते. मी काय केलं? रांधलं न् वावरात गेली." वही मिटली. दुसऱ्या दिवशी मी नुसतीच गेले आणि त्यांच्यासोबत तूर निवडायला बसले. सहज म्हटलं, "आजी, पाणी कुठून आणायच्या हो तुम्ही?" मग जे सुरू झालं! कोणती विहीर कुणाची, कुणाला दुरून ओंजळीत पाणी वाढायचे, कोणत्या साली विहीर आटली, कोणत्या सुनेनं त्याच विहिरीत जीव दिला आणि पंचनाम्यात काय लिहिलं. त्या दोन तासांत गावाची जात, गावाचा दुष्काळ आणि गावाचा हुंडा, तिन्ही आले. महत्त्वाच्या घटना विचारल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं, कारण महत्त्वाचं म्हणजे पुरुषांचं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

म्हणून कामापासून सुरुवात करा. पाणी, सरपण, वेचणीची मजुरी, बाळंतपण, रेशन, शाळा कधी सुटली, पहिल्यांदा मत कधी दिलं, नाव कधी बदललं. वर्ष आठवत नसेल तर खूण विचारा: थोरल्याच्या वेळेस का धाकट्याच्या, दुष्काळाच्या आधी का नंतर. एकीचं ऐकून लगेच खरं मानू नका, दुसरीला विचारा. म्हाइंभटांनी पडताळलं तसं आपणही पडताळायचं. माणूस विसरतो, रचतो, स्वतःला शहाणं करून सांगतो. बायाही करतात. आपण बायांचा इतिहास लिहितो म्हणून त्या सगळ्या सती-सावित्री किंवा सगळ्या झुंजार झाल्याच पाहिजेत असं नाही. जिनं सुनेला छळलं तिचाही इतिहास आहे.

आणि एक पथ्य. आपण स्त्रियांच्या संघटनेत काम करतो. आपल्याला जे सांगतात ते विश्वासानं सांगतात. मारहाण, घरातल्याच माणसानं केलेली जबरदस्ती, पाडलेलं मूल. हे छापायचं की नाही हे ती ठरवील, आपण नाही. सून दारात उभी असेल तर तो विषय काढू नका. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. ती म्हणाली, हे काढ, तर काढा. नाव बदल म्हणाली तर बदला. मूळ कागद, फोटो घरचेच राहू द्या, आपण नक्कल घ्यायची. विद्वान मंडळी कागद घेऊन गेली आणि परत आली नाहीत, ही तक्रार खेड्यापाड्यांत खूप ऐकू येते. ती आपल्याबद्दल येऊ नये.

शेवटची गोष्ट जरा जड आहे, पण अचलपुरात बोलताना ती टाळून चालणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये दुल्हा गेट या जुन्या वेशीवरच्या झेंड्यावरून इथं दंगल झाली, संचारबंदी लागली. म्हणजे इतिहासाची वास्तू हीच भांडणाची जागा झाली. संचारबंदीत कुणाची मजुरी बुडाली, कुणाच्या घरात दूध नव्हतं, कुणाची पोरं पोलिसांनी नेली, हे तुम्ही जाणता. कारण त्यासाठी धावपळ तुम्हीच केलीत, दोन्हीकडच्या मोहल्ल्यांत. आमचा इतिहास, तुमचा इतिहास अशी ओढाताण सुरू झाली की त्यात राजे असतात, तलवारी असतात आणि बाटवलेल्या बायकांच्या गोष्टी असतात. बाई तिथं फक्त अब्रू म्हणून येते. आपल्या मंडळात हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोरकू अशा सगळ्या जणी एका सतरंजीवर बसून आपापल्या आयांच्या गोष्टी वाचू लागल्या तर कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, कोणती दाई कुणाच्या घरी जायची, कुणाच्या लग्नात कुणी पोळ्या लाटल्या, हे बाहेर येईल. त्यानं दंगली थांबतील असं भाबडं आश्वासन मी देत नाही. पण पुढच्या वेळी कुणी येऊन आपल्याला आपल्याच गावाचा खोटा इतिहास सांगू लागला, तर आपल्याजवळ दाखवायला वही असेल.

तर मैत्रिणींनो, मंडळाला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. पंधरवड्यातून एकदा बसायची सवय लागते. भारत इतिहास संशोधक मंडळाची ती एक रीत आपण जशीच्या तशी उचलू: प्रत्येकीनं एक छोटं टिपण आणायचं आणि वाचायचं. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं आणि खाली दोघींची नावं घालायची. एक लोखंडी पेटी घ्या, डांबराच्या गोळ्या टाका. कागदांवर नंबर आणि तारीख घाला. वर्षाला एक इतिवृत्त काढा, चक्रमुद्रित नाही तर झेरॉक्स चालेल. आता मोबाइलवर आवाज नोंदवता येतो, तोही नोंदवा, पण कागदावर उतरवल्याशिवाय झोपू नका. मोबाइल पाण्यात पडतो.

पहिल्या सभेसाठी मी तुम्हाला काम देऊन जाते. मघाशी चारच हात वर झाले होते. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येकीनं आपल्या आईच्या आजीचं नाव शोधून आणायचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, आणि ती काय काम करायची ते एका ओळीत. माहेरी फोन करा, मावशीला विचारा, आत्याला विचारा. सापडलं नाही तर कुठपर्यंत गेलात आणि कुठं अडलात ते लिहा, तेही टिपणच आहे.

मी माझं आणीन. आमच्या पणजीच्या तीन नावांपैकी खरं कोणतं हे मला अजून कळायचं आहे. कळलं की त्या वंशावळीच्या चौकटीवर मी ते पेनानं लिहिणार आहे. भाऊ रागावला तर रागावू दे.